आधी फेर पुरा कर

“थांबलीस कशाला? आधी फेर पुरा कर,” काकू म्हणाली. टाळ वाजवणारा हात तिने थांबवलाही नाही.

केतकी वहिनी फुगडीतून बाजूला होऊन सतरंजीच्या कडेला बसली होती. आमच्या मिरजेच्या घराच्या गच्चीवर पत्र्याची शेड आहे, तिथे काकूच्या मंडळाची मंगळागौरीची तालीम चालायची. दुपारी तीन ते पाच. बारा बायका, सगळ्यांनी पदर खोचलेले, पत्रा तापलेला, आणि मध्ये उभी सुलभाकाकू, म्हणजे माझी चुलती आणि केतकी वहिनीची सासू. वहिनी मे महिन्यात लग्न होऊन घरात आली होती. त्यामुळे त्या श्रावणात मंडळाची खरीखुरी नवी नवरी तीच. श्रावणातल्या शेवटच्या मंगळवारी स्पर्धा होती आणि काकूने वहिनीवर सगळा डाव लावला होता.

मी तेव्हा नववीत होते आणि मंडळात माझं काम होतं वस्तू पुरवायचं. सूप लागलं की सूप, लाटणं लागलं की लाटणं. काकू मला ‘आमची गोगलगाय’ म्हणायची. पाहुण्यांसमोर म्हणायची, “हिला देवाने तोंड दिलंय, पण ते फक्त जेवायला.” पाहुणे हसायचे. मीपण हसायचे, काय करणार. आता मी अकरावीत आहे आणि वर्गात मला गप्प करायला दोन शिक्षक लागतात. पण हे सगळं त्या श्रावणानंतरचं.

वहिनीने मला डोळ्यांनी खूण केली. मी तिच्या मागोमाग जिना उतरून खाली गेले. मोरीचं दार अर्धवट उघडून ती हळूच म्हणाली, “मृणू, तुझ्याकडे पॅड आहे?”

“आहे. पण तुला कशाला?”

तिने दार आणखी ओढून घेतलं. मग मला कळलं आणि मी घाबरले. कारण वहिनीला दिवस गेलेत हे घरात हृषीदादा म्हणजे तिचा नवरा, काकू आणि मी एवढ्यांनाच माहीत होतं. मला तरी का, तर मेडिकलमधून तपासणीचं किट आणायला मलाच पाठवलं होतं. कोपऱ्यावरचा दुकानदार वहिनीला ओळखतो म्हणून मी साध्या कपड्यांत, मास्क लावून, पार स्टेशनपलीकडच्या दुकानात गेले होते. शाळेच्या गणवेशात गेले असते तर दुसऱ्या दिवशी माझंच लग्न ठरवलं असतं लोकांनी.

“खूप आहे का?” मी विचारलं.

“नाही गं. दोन-तीन डाग. तपकिरी.”

“मग डॉक्टरकडे जाऊया.”

“आईंना विचारते,” वहिनी म्हणाली. आई म्हणजे काकू.

काकूने ऐकलं आणि ती हसली. अगदी प्रेमाने हसली, तेच मला जास्त खुपतं. “अगं, हृषीच्या वेळी मला दोनदा झालं होतं असं. डागच ते. त्यात काय एवढं? आणि तीन महिने पुरे होईपर्यंत कुणाला सांगायचं नसतं, आपल्या घरात पद्धत नाही.”

“डॉक्टरला पण नाही?” हे मी विचारलं. माझ्याच आवाजाने मी दचकले.

“बघा, गोगलगाय बोलली. अगं, त्या दवाखान्यात नावं लिहून घ्यायला कोण बसते? आमच्या झांजवाल्या प्रमिलाची भाची. आपण उंबरा ओलांडायच्या आत मंडळात पेढे मागायला लागतील. आणि मग काही वेडंवाकडं झालं तर तोंडं कुणाकुणाला दाखवायची? केतकी, आज पिंगा नको घालूस. बसून टाळ्या दे. झालं.”

वहिनीने पुण्याला दादाला फोन लावला. मी शेजारीच होते, त्याचा आवाज मला ऐकू येत होता. “आईला विचार ना, तिला अनुभव आहे. मी शनिवारी येतोच आहे.”

आज मंगळवार होता.

मिरजेत राहतो आम्ही. इथे कर्नाटकातून माणसं गाड्या भरभरून तपासून घ्यायला येतात. एका गल्लीत तीन-तीन दवाखाने. रुग्णाला घेऊन आलेले पाहुणे आमच्या ओट्यावर बसून डबे खातात. आणि त्या गावात माझी वहिनी बुधवारी दिवसभर चटईवर कुशीवर पडून होती, कारण पेढ्यांची भीती.

गुरुवारी मी शाळेतून आले तर ती भिंतीला टेकून डावा खांदा दाबत बसली होती. चेहरा कणकेसारखा.

“पोटात डावीकडे दुखतंय. एकाच जागी,” ती म्हणाली. “आणि हा खांदा. झोपलं की जास्त दुखतो.”

“काकूला सांगितलंस?”

“त्या म्हणाल्या, खांदा पिंग्याने भरलाय. सवय नाही ना तुला. तेल लावून दिलं त्यांनी.”

खरंच वाटीत कोमट तेल होतं आणि खांद्याला ते चोळलेलं होतं. वरून टाळांचा आवाज येत होता. तालीम सुरू होती.

मी दप्तर टाकलं आणि निघाले. कुठे निघाले ते जिना उतरल्यावर ठरवलं. प्रमिलाच्या भाचीचा दवाखाना टाळून मी मागच्या गल्लीत डॉक्टर शमीम बागवानांकडे गेले. बाहेर पंधरा बायका बसलेल्या. बाकावर बसून नंबर येईपर्यंत थांबावं असं मला वाटलं, कारण मी तशीच होते. मग मला वहिनीचा तो कणकेसारखा चेहरा आठवला आणि मी सरळ आतलं दार ढकललं.

“अगं ए, नंबर,” बाहेरची बाई ओरडली.

“माझ्या वहिनीला दोन महिने होत आलेत,” मी डॉक्टरांना म्हणाले. एका दमात. “मंगळवारपासून डाग पडतायत, थोडेच, पण आज डावीकडे पोटात दुखतंय आणि खांदा दुखतोय आणि काकू म्हणते खांदा पिंग्याने दुखतो.”

डॉक्टर कुणाचं तरी बीपी घेत होत्या. त्यांनी पट्टा सोडला.

“खांद्याला मार लागलाय? पडली का?”

“नाही.”

“चक्कर?”

“माहीत नाही.”

“नुसते डाग खूप जणींना पडतात, बऱ्याचदा सगळं नीट असतं. तरी त्याच दिवशी दाखवायचं असतं, कारण नीट आहे की नाही हे घरात बसून कुणालाच कळत नाही. आणि एका बाजूला दुखणं, खांदा दुखणं, यासाठी तर एक मिनिट थांबायचं नाही. जा, रिक्षा घे, आत्ता आण. जिना तिला एकटीने उतरू देऊ नकोस. खायला-प्यायला काही देऊ नकोस.”

मी पळत घरी आले. काकू जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी होती, हातात टाळ.

“काकू, डॉक्टरांनी आत्ता बोलावलंय. वहिनीला.”

“कुठल्या डॉक्टरांनी? तू सांगून आलीस?” तिचा आवाज खाली आला, बायकांना ऐकू जाऊ नये म्हणून. “मृण्मयी, अक्कल आहे का तुला? एवढा फेर होऊ दे. सगळ्या घरी जातील, मग बघू.”

वर बायका थांबल्या होत्या. काकू वळली, टाळ वाजवला आणि फेर पुन्हा सुरू झाला.

मी वहिनीला उठवलं. तिचा हात माझ्या गळ्यात. येतानाच सांगून ठेवलेली, गल्लीतल्या बशीरभाईंची रिक्षा दारात उभी होती. शेवटच्या पायरीवर वहिनी म्हणाली, “मृणू, अंधार झाला का?” दुपारचे चार वाजले होते. मग ती माझ्या अंगावरच कोसळली. बशीरभाईंनी तिला उचलून आत ठेवलं आणि ती रिक्षा त्यांनी अशी हाणली की म्हणू नका. पावसाने गल्लीची चाळण झालेली. प्रत्येक खड्ड्याला मी वहिनीचं डोकं छातीशी धरत होते.

ऑपरेशन झालं. गर्भ पिशवीत नव्हताच, डाव्या नळीत अडकला होता आणि नळी फुटून पोटात रक्त साचलं होतं. नळी काढावी लागली. वहिनी वाचली.

दुसऱ्या दिवशी वॉर्डाबाहेर काकू माझ्या आईशी बोलत होती. मी खांबामागे होते, तिला दिसत नव्हते. “खड्ड्याखड्ड्यांतून आदळत नेलं गं पोरीला. घरी पडून राहिली असती तर टिकलं असतं. पण मृणू लहान आहे, तिला काय कळतंय. मी मनात ठेवलं नाही. मी तिला माफ केलं.”

माफ केलं. हा शब्द ऐकून माझ्या अंगात काय झालं ते मला अजून नीट सांगता येत नाही. रडूबिडू नाही आलं. दात एकमेकांवर असे बसले की कानात आवाज झाला.

मी डॉक्टरांना गाठलं. “रिक्षाच्या धक्क्यांनी गेलं का?”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. “कुणी सांगितलं तुला?”

“घरी म्हणतात.”

“नळीत बाळ वाढूच शकत नाही. बसून राहिली असती तरी ते गेलंच असतं. फक्त जाताना तिला घेऊन गेलं असतं. कळलं? घरी सांग.”

मी घरी सांगितलं. काकू म्हणाली, “डॉक्टर तसंच म्हणणार. धीर द्यायला.”

मग घरात दोन गोष्टी तयार झाल्या. बाहेरच्यांसाठी अपेंडिक्सचं ऑपरेशन. घरच्यांसाठी मृणूची रिक्षा. दादा शनिवारी आला तेव्हा त्याला रिक्षाच सांगितली. तो माझ्याशी नीट बोलेना. काकू वहिनीला पेज भरवायची, पाय चेपायची आणि मध्येच सुस्कारा टाकून म्हणायची, “जरा दम धरला असतात दोघींनी तर.” वहिनी भिंतीकडे बघायची. सलग आठ दिवस मी ते ऐकलं. नवव्या दिवशी मी ठरवलं की या बाईला मी सोडणार नाही.

मंडळाच्या कार्यक्रमात सगळ्यांत गाजलेला खेळ म्हणजे सासू-सुनेचं भांडण. काकूनेच तो वीस वर्षांपूर्वी रचला होता. सून एकेक मागणं मागते, कासार आलाय बांगड्या भरू का, भाऊ आलाय माहेरी जाऊ का. आणि सासू कमरेवर हात ठेवून दर वेळी एकच पालुपद म्हणते, ‘त्यात काय एवढं गं सुने, आधी फेर पुरा कर.’ मागून बाराजणी तेच पालुपद उचलतात. सासू अर्थात कायम काकू. सून व्हायची होती वहिनी.

“आता केतकीच्या जागी कोण?” ऑपरेशननंतर पंधरा दिवसांनी तालमीत काकूने विचारलं.

“मी,” मी म्हणाले.

बायका हसल्या. काकूपण. “तू? तुझा आवाज पहिल्या रांगेला तरी जाईल का?”

“जाईल.”

“म्हणून दाखव.”

मी म्हणून दाखवलं, कासार, भाऊ, सगळं, अगदी गोडीत. काकू खूश झाली. बायकांना म्हणाली, “बघा, प्रायश्चित्त घेतेय पोरगी.” मी मान खाली घातली. भूगोलाच्या वहीत माझ्याकडे एक घडी घातलेला कागद होता. त्यावरचं मी शाळेत जाता-येता पाठ करत होते, सायकलवर, ओठ न हलवता.

स्पर्धा एका शाळेच्या हॉलमध्ये होती. चारशे बायका तरी असतील. परीक्षक तिघी, टेबलावर नारळ. तिसऱ्या रांगेत कडेला वहिनी बसली होती, घराबाहेर पहिल्यांदाच आलेली. शेजारी दादा. फुगड्या झाल्या, झिम्मा झाला. मग मी नऊवारीचा काष्टा सावरत पुढे आले. समोर काकू, कमरेवर हात.

कासाराचं मागणं मी नेहमीसारखं म्हटलं. पालुपद आलं, हशा आला. मग मी एक श्वास घेतला.

“सासूबाई, काय सांगू, डाग दिसला साडीला.”

आणि काकूने, वीस वर्षांच्या सवयीने, ठसक्यात उत्तर दिलं, “त्यात काय एवढं गं सुने, आधी फेर पुरा कर.” बाराजणींनी ते उचललं. ते संपता संपता काकूचे डोळे मोठे झाले.

मी थांबले नाही.

“सासूबाई, डाव्या अंगी कळ सुटते थांबेना.”

काकूचं तोंड उघडलं, पण आवाज आला नाही. मागच्या बाराजणींना काय माहीत. तालात होत्या. त्यांनी खणखणीत म्हटलं, त्यात काय एवढं गं सुने, आधी फेर पुरा कर. हॉलमध्ये कुणी हसलं, कुणी नाही.

“सासूबाई, खांदा दुखे, डोळ्यांपुढे अंधारी.”

आता पालुपद फक्त चौघींनी म्हटलं. प्रमिलामावशींची झांज मध्येच थांबली. काकू कमरेवर हात ठेवून तशीच उभी होती. तिच्या कपाळावरचा घाम चंद्रकोरीवरून खाली आला. ती डोळ्यांनीच मला म्हणत होती, बस कर. मला फार बरं वाटलं. खोटं का सांगू.

मी एक पाऊल पुढे गेले आणि तिच्या अगदी तोंडासमोर म्हटलं,

“सासूबाई, दोष नका देऊ आता रिक्षाला,
खड्ड्यांतून गेले म्हणून जिवंत आले दाराला.”

मग मी चारशे बायकांकडे वळले.

“बायांनो गं, ऐका माझं, डाग असो थेंबभर,
त्याच दिवशी दाखवा गं, लाज ठेवा खुंटीवर.
एका अंगी कळ आली, खांदा दुखला, घेरी जर,
आधी गाठ दवाखाना, मग फेर पुरा कर.”

मी तिसऱ्या रांगेकडे बघितलं. वहिनीची मान खाली होती आणि ओठ हलत होते. दादा तिच्याकडे बघत होता, मग स्टेजवर आईकडे, मग परत तिच्याकडे. आणि मग टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेनात.

खरी गंमत पुढे आहे. परीक्षकबाई माइकवर म्हणाल्या, “सामाजिक प्रश्न इतका सहज मांडलेला आम्ही पहिल्यांदाच पाहिला. आणि शेवटी सासू जी निरुत्तर होते, तो मूक अभिनय तर केवळ लाजवाब.” काकूला पुढे बोलावून ढाल दिली. ढालीवर कोरलंय, ‘उत्कृष्ट सासू’. फोटोवाला म्हणाला, “हसा ताई.” काकू हसली. तो फोटो मी जपून ठेवलाय.

बाहेर चपला घालताना प्रमिलामावशी वहिनीजवळ आल्या. आवाज मुद्दाम सगळ्यांना ऐकू जाईल इतका. “केतकी, अपेंडिक्स उजवीकडे असतं ना गं?”

“हो मावशी,” वहिनी म्हणाली.

“मग तू तर सारखी डावीकडे हात धरून बसायचीस.”

वहिनीने वाकून चपलेचा पट्टा लावला. तिला बोलायची गरजच नव्हती. बाराजणी काकूकडे बघत होत्या आणि काकू ढाल पिशवीत घालत होती. ती पिशवीत मावत नव्हती.

घरी आल्यावर काकू माझ्या आईसमोर फुटली. “हिने भर सभेत माझी अब्रू काढली. माझ्या सुनेचं दुःख वेशीवर टांगलं. केतकीला काय वाटलं असेल, विचार केलास का गं कारटे? ती बिचारी तिथे डोळे पुसत बसली होती.” मी म्हटलं, “नाही केला विचार.” आईने मला वहिनीची माफी मागायला लावली. मी वहिनीसमोर उभी राहून म्हटलं, “सॉरी वहिनी.” वहिनी म्हणाली, “असू दे, लहान आहेस तू.” तिचा चेहरा जराही हलला नाही. अभिनयाची ढाल खरं तर तिला द्यायला हवी होती.

दादा मात्र दुसऱ्याच दिवशी एकटा डॉक्टर बागवानांकडे जाऊन आला. आल्यावर माझ्याजवळ आला, नुसताच उभा राहिला आणि माझ्या सायकलची चेन बसवून दिली. रिक्षाचं नाव आमच्या घरात पुन्हा कुणी काढलं नाही.

काकू माझ्याशी दोन वर्षं बोलत नाही. समोर आले की भिंतीला सांगते, “काहींना तोंड फुटलंय.” ढाल दिवाणखान्याच्या शोकेसमध्ये आहे, कारण काढली तर लोक विचारतील. ठेवली तरी विचारतात. कुणीतरी पाहुणी म्हणतेच, “अय्या, उत्कृष्ट सासू? कसलं हो हे बक्षीस?” आणि काकूला सांगावं लागतं. मागच्या वर्षी सांगताना एका पाहुणीची सून उठून आत गेली आणि हळूच वहिनीकडून डॉक्टर बागवानांचा नंबर घेऊन आली.

हे सगळं मी इतके दिवस लिहिलं नाही, कारण वहिनी त्याच घरात होती. गेल्या महिन्यात ती आणि दादा पुण्याला राहायला गेले. आता सांगायला हरकत नाही.

तो कागद अजून माझ्याकडे आहे. वहिनीच्या डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स आहे ती. मागच्या कोऱ्या बाजूला डाग, कळ, खांदा, रिक्षा, सगळं लिहिलंय, खाडाखोड करून, एक ओळ तीन-तीनदा बदलून. अक्षर माझं नाही. हॉलमध्ये वहिनी डोळे पुसत नव्हती, मी एखादी ओळ विसरले तर सांगता यावी म्हणून मनात म्हणत होती.

काकूने पुन्हा ‘जरा दम धरला असतात’ म्हटलं, त्या नवव्या दिवशीच, ती आंघोळीला गेली असताना, वहिनीने उशीखालून तो कागद काढला होता.

“हे तू म्हणशील?”

मी वाचलं. दोनदा वाचलं. “तूच म्हण ना पुढच्या वर्षी. तुझं आहे.”

“मला रोज त्यांच्याच हातचं जेवायचंय, मृणू. म्हटलंस तर सगळं तुझ्यावर येईल. घरात कुणी तुझ्याशी धड बोलणार नाही. नीट विचार कर.”

मोरीतलं पाणी थांबलं. काकूच्या बांगड्या वाजल्या.

“दे इकडे,” मी म्हटलं आणि कागद भूगोलाच्या वहीत घातला.